मोनोफिन घेताना आधी घोटा बघा

मामेभावाचा ठाण्याहून मेसेज आला : "ताई, दहाबचं तिकीट काढलंय. मोनोफिन कार्बनची घेऊ की फायबरग्लासची?" मी उलट विचारलं, "वज्रासनात किती वेळ बसू शकतोस?" त्याला वाटलं मी खेचतेय. खेचत नव्हते.

मी मूळची पुण्याची, पेशाने फिजिओथेरपिस्ट. दुबईतल्या क्लिनिकमध्ये दिवसभर लोकांचे गुडघे आणि कंबरा बघते आणि सुट्टी मिळाली की पूर्व किनाऱ्यावरच्या फुजैराच्या बाजूला समुद्रात जाते, कारण दुबईच्या बाजूचं आखात उथळ आहे. २०१८ साली इजिप्तमधल्या दहाबला फ्रीडायव्हिंग, म्हणजे टाकी न लावता एका श्वासात खोल जाणं, शिकले. पुढच्या वर्षी पहिली मोनोफिन घेतली, ती साफ चुकली. मामेभावाला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहून काढतेय.

मोनोफिन म्हणजे दोन्ही पाय एकाच पात्यात. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी धान्य पाखडायचं सूप डोळ्यांपुढे आणावं आणि त्याच्या अरुंद बाजूला रबरी बूट चिकटवलेत असं समजावं. मी ती पहिल्यांदा घरी नेली तेव्हा आई म्हणालीच, "एवढं मोठं सूप कशाला आणलंस, आणि तेही प्लास्टिकचं?" दोन्ही पाय जोडले गेले की आळीपाळीने पाय मारता येत नाहीत, छातीपासून पायापर्यंत लाट सोडावी लागते. ती लाट जमली तर दमाच्या मानाने अंतर भरपूर पडतं. २०१६ साली फिनलंडमधल्या तुर्कूला पोलंडचा मातेउश मालिना आणि ग्रीसचा योर्गोस पानायोताकिस हे दोघं एका श्वासात तलावात ३०० मीटर गेले, ते मोनोफिनवरच.

हे वाचून हात शिवशिवत असतील तर आधी एक गोष्ट तपासा. साध्या लांब फिन्सवर, म्हणजे बायफिन्सवर, वीस मीटरपर्यंत तुम्ही कान न दुखवता आरामात जाऊन येता का? येत नसाल तर पैसे आत्ता ठेवा. मोनोफिनने तुम्ही खाली जास्त वेगाने जाता. पृष्ठभागापासून दहा मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, आणि तेवढ्या अंतरात कान भराभर मोकळे करत राहावे लागतात. हात आणि डोकं लाटेत गुंतलेलं असतं, तेव्हा ज्याचं इक्वलायझेशन, म्हणजे हे कान मोकळे करणं, आधीच अडखळतंय त्याचं इथे पूर्ण बसतं. शिवाय खोल जायला मोनोफिनच लागते असं काही नाही. ज्या आखाताच्या काठी मी राहते तिथे मोती काढणारे पाणबुडे पिढ्यान् पिढ्या पायाला दगड अडकवून खाली जायचे. त्यांचे मोती विकले जायचे ते मुंबईच्या बाजारात. फिन त्यांच्या पायात कधीच नव्हती.

आता घोटा.

जमिनीवर पाय पसरून बसा, गुडघे सरळ. पावलं पुढे ताणा, नर्तकी ताणते तशी. पाऊल नडगीशी काटकोनात असतं तिथून ते पुढे साधारण ५० अंश जातं, हे आमच्या पुस्तकातलं सर्वसाधारण माप. मोनोफिनला हवी असते नडगी, पाऊल आणि ब्लेड, म्हणजे पातं, यांची शक्य तितकी सरळ रेषा. पन्नास अंशांनी ती पूर्ण होत नाही हे उघड आहे. जे कमी पडतं ते ब्लेडच्या वाकण्यातून आणि फूटपॉकेटच्या, म्हणजे पाय घालायच्या रबरी बुटाच्या, कोनातून भरून काढायचं असतं. तुमचा घोटा ३५ अंशांवरच अडकला तर ब्लेड कायम पुढच्या बाजूला लोंबकळत राहील आणि प्रत्येक किकमध्ये ब्रेक लागल्यासारखं होईल. ते लपवायला मग माणूस गुडघे दुमडतो. पाण्याखाली सायकल चालवणारे मोनोफिनवाले बघितले असतील तर त्यातल्या निम्म्यांचा दोष ब्लेडचा नसून घोट्याचा असतो, हे मी पैजेवर सांगते.

कोनमापक घरात नसतो, वज्रासन असतं. सतरंजीवर वज्रासनात बसा. पावलाची वरची बाजू जमिनीला टेकते का, की घोट्याखालून पेन्सिल आरपार जाते? दोन मिनिटांत घोट्याच्या पुढच्या बाजूला ओढ बसून उठावंसं वाटतं का? आजोबांच्या पिढीला, जेवणानंतर वज्रासनात बसणाऱ्यांना, ही परीक्षा हसतखेळत जमते. आमच्या पिढीत खुर्चीवाले, धावणारे आणि फुटबॉल खेळताना घोटा मुरगळून घेतलेले नापास होतात. मामेभाऊ तिन्ही प्रकारांत मोडतो.

यावरूनच पहिला निर्णय होतो. जुन्या धाटणीच्या सपाट मोनोफिनमध्ये रबरी फूटपॉकेट्स ब्लेडला जवळजवळ सरळ चिकटवलेली असतात. लवचिक घोट्याच्या माणसाला ती चालते आणि त्या मानाने स्वस्तात मिळते. दुसरा प्रकार हायपरफिन. तिच्यात पाऊल ब्लेडशी कोन करून बसतं, म्हणजे ब्लेड आधीच खालच्या बाजूला कललेलं असतं, त्यामुळे घोट्याकडून कमी मागणं होतं. ताठ घोट्यावाल्यांनी हायपरफिनचाच विचार करावा, दोन पैसे जास्त गेले तरी. आणि फिन येईपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मिनिटं वज्रासन. जमलं की हात मागे टेकून गुडघे जमिनीपासून किंचित उचलायचे, ओढ घोट्याच्या पुढून जाणवली पाहिजे. घोट्याच्या मागच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं दुखलं तर थांबा आणि कुणाला तरी दाखवा.

आता फूटपॉकेट. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण मी इथेच फसले.

२०१९ साली दहाब सोडून निघालेल्या एका माणसाकडून मी १५० युरोला जुनी फायबरग्लासची मोनोफिन घेतली. माझं पाऊल साडेचोवीस सेंटीमीटर, म्हणजे युरोपीय ३९. ती ३८ होती. "टाइट हवीच असते, पाण्यात सैल होते," असं तो म्हणाला आणि मी, शरीरशास्त्र शिकलेली बाई, मान डोलावली. तिसऱ्या सेशननंतर डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या बेचक्यात काही जाणवेना. बोटाने घासलं तरी कापसातून घासल्यासारखं. घोट्याच्या पुढून एक नस त्या बेचक्याकडे जाते. फूटपॉकेटच्या तोंडाची रबरी कड नेमकी तिच्यावर दाबत होती. जाणीव परत यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी स्वतःला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तो माणूस खोटं बोलत नव्हता, एवढं मात्र म्हणेन. स्पर्धेत उतरणारे फूटपॉकेट खरंच घट्ट घेतात, कारण त्यांना ती एका डाइव्हपुरती घालायची असते. घातली, गेले, आले, काढली. तुम्ही-आम्ही ती घालून बॉयला, म्हणजे तरंगत्या बोयाला, लटकत पाऊण तास काढणार, मधे बडीचे, म्हणजे जोडीदाराचे, डाइव्ह सांभाळणार. अनुभवी लोकांचा मापाबद्दलचा सल्ला ऐकताना ते कुठल्या कामासाठी घालतात हे आधी विचारा.

माप असं घ्या. संध्याकाळी, दिवसभर पायावर उभं राहून झाल्यावर, कारण तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. रद्दीचा पेपर जमिनीवर, टाच भिंतीला, पायात २ मिलिमीटरचा निओप्रीनचा मोजा, आणि पेन सरळ उभं धरून कडेने रेघ. पेन तिरकं झालं की माप चुकतं. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर मोजा, आणि लांब बोट म्हणजे अंगठाच असेल असं धरू नका, कितीतरी जणांचं दुसरं बोट लांब असतं. चवड्याची रुंदीही लिहून ठेवा. लहानपणी अनवाणी हुंदडलेल्यांचे चवडे बहुधा पसरट असतात, आणि ही फूटपॉकेटं घडवणाऱ्यांनी आपले पाय बघितलेले नसतात. आपल्याकडचा बुटाचा ८ नंबर म्हणजे साधारण युरोपीय ४२, पण नंबरावर भिस्त नको. विकणाऱ्याला सेंटीमीटर कळवा आणि त्याच्या तक्त्याशी ताडून बघायला सांगा.

दोन्ही पावलं मोजा, कारण ती सहसा सारखी नसतात. बुटात हा फरक खपून जातो. मोनोफिनची दोन्ही फूटपॉकेट्स मात्र एकाच मापाची येतात. मोठ्या पावलाचं माप घ्या आणि छोट्या पावलाला जाड मोजा घाला. माझ्या उजव्या पायात आजही ३ मिलिमीटरचा मोजा असतो आणि डाव्यात २.

फिन हातात आली की सुक्यात घालून सोफ्यावर दहा मिनिटं बसा, पाय पसरून, ब्लेड पुढे. बोटं आतल्या आत किंचित हलली पाहिजेत, पण टाच उचलली तर फूटपॉकेट मागोमाग आलं पाहिजे. मोजे पुढून उघडे असतील तर अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. नाही झालं तर माप लहान आहे, मग विकणारा काहीही म्हणो. घालताना रबर कोरडं ओढू नका. टाचेची कड बाहेर दुमडून घ्या, आत पाण्यात कालवलेला थोडा बेबी शाम्पू सोडा, पाय सरकवा आणि कड वर घ्या. रबर फाटतं ते बहुतेक घाईत कोरडं ओढल्यामुळेच.

ब्लेडवर लोक महिनोन्‌महिने वाद घालतात. मी थोडक्यात आवरते. पहिली मोनोफिन फायबरग्लासची घ्या आणि मऊ घ्या. तुमच्या मांड्या कितीही भरलेल्या असोत, मऊच. तलावातल्या फिनस्विमिंगच्या शर्यतीसाठी जी कडक ब्लेडं बनतात ती वेगासाठी असतात, तिथे जीव तोडून पाय मारायचे असतात. आपण सेकंदाला साधारण मीटरभर जातो, आणि तेही प्राणवायू जपत. एवढ्या हलक्या जोराने कडक ब्लेड वाकतच नाही. ते वाकलं नाही की पाणी मागे ढकललं जात नाही, मग तुम्ही जोर लावता, गुडघा दुमडतो, मांडी पेटते आणि श्वास संपतो. माझ्या त्या १५० युरोवालीवर मी २५ मीटर नऊ किक्समध्ये जायचे. आत्ताच्या मऊ ब्लेडवर अकरा लागतात. आकडा ऐकून पहिली सरस वाटेल. पण तिच्यावर मी भिंतीला पोचून धापा टाकायचे, हिच्यावर वळून परत निघते.

मऊ म्हणजे किती, हे प्रत्येक बनवणाऱ्याचं वेगळं. कुणी १, २, ३ लिहितं, कुणी सॉफ्ट-मीडियम-हार्ड. एकाचं २ दुसऱ्याच्या २ शी जुळेल असं नाही, त्यामुळे मित्राचा आकडा तुमच्या कामाचा नाही. लीडरफिन्स, मोल्चानोव्ह्ज अशा कंपन्यांकडून मागवताना आकड्यासोबत आपलं वजन, उंची आणि "पहिलीच आहे" एवढं कळवावं. हातात घेऊन बघायची संधी मिळाली तर ब्लेडचं टोक जमिनीवर टेकवून फूटपॉकेटच्या बाजूने हळूच दाबा. वाक टोकाकडे जास्त आणि पायाकडे कमी, असा चढत गेलेला दिसला पाहिजे. एकाच ठिकाणी कोपरासारखं मोडल्यागत वाकत असेल तर ठेवून द्या.

कार्बन? हलका असतो, झटकन सरळ होतो, महाग असतो, आणि खडकावर आपटला की चिरतो. शिकणारा माणूस फिन आपटतोच. तलावाच्या पायरीवर, गाडीच्या डिकीत, विमानतळाच्या पट्ट्यावर. दोन वर्षांनी घ्या, तोवर आपल्याला काय हवंय तेही कळलेलं असेल.

जलपरीच्या शेपटीत घालायच्या छोट्या प्लास्टिकच्या मोनोफिन स्वस्त दिसतात म्हणून कुणीकुणी त्याच घेतं. फोटो छान येतात. पोहण्याच्या सरावासाठी फिनिससारख्या कंपन्या छोट्या मोनोफिन काढतात, त्यांवर लाट शिकायला हरकत नाही. मी स्वतः तशीच एक उसनी आणून दोन महिने तलावात सराव केला आणि त्याचा फायदा झाला. पण त्यांवर खोल जायचं मनात आणू नका.

जुनी घेणार असाल तर उन्हात न्या. ब्लेड वाकवून उजेडात तिरकं धरा. पांढरी आडवी रेघ दिसली तर फायबरचे थर सुटायला लागलेत. वाकवताना कान जवळ न्या, करकर ऐकू आली तरी तेच. फूटपॉकेट आणि ब्लेडच्या सांध्यात नख घालून बघा, डिंक सुटला असेल तर नख आत जाईल. रबर टाचेपाशी ताणून बघा, बारीक भेगा उघडल्या तर ते उन्हात वाळलंय आणि यंदाच फाटणार. कडेची रबरी पट्टी निघालेली असेल तर तेवढ्यावरून नाही म्हणू नका, ती परत चिकटते.

आता ने-आण. ब्लेड साधारण पाऊण मीटर रुंद आणि जवळजवळ तेवढंच लांब, त्यात फूटपॉकेटचा फुगवटा. विमानात चेक-इन सामानाला लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटरची मर्यादा बऱ्याच ठिकाणी असते. पिशवीसकट मोजा, दोन-चार सेंटीमीटरने हुकतं. मी पिशवीत ब्लेडच्या दोन्ही अंगांना जुन्या योगा मॅटचे तुकडे लावते आणि फूटपॉकेटमध्ये मोजे व टी-शर्ट कोंबते, म्हणजे ती दबत नाहीत. ठाण्याहून मुंबई विमानतळावर लोकलने न्यायचा विचार मामेभावाने बोलून दाखवला. मी त्याला सकाळी साडेआठच्या फास्टमध्ये सूप घेऊन चढून बघ म्हटलं.

तलावात परवानगी आधी काढा. पुण्यात माझ्या जुन्या तलावावरच्या गार्डने मला पाण्यात उतरूच दिलं नव्हतं, आणि आज वाटतं त्याचं बरोबर होतं. शेजारच्या लेनमधल्या मुलाच्या तोंडावर या ब्लेडची कड बसली तर दात जाईल. लेन रिकामी असेल त्या वेळी जा. काठावर बसून घाला, काठावर बसूनच काढा, घालून उभं राहायचा प्रयत्नसुद्धा नको. पहिले दोन-तीन दिवस श्वास रोखायची गरज नाही. स्नॉर्कल लावून पृष्ठभागावर हात पुढे ताणून फक्त लाट. छाती दाबा, कंबर मागोमाग येईल, गुडघा आपोआप जेवढा वाकेल तेवढाच वाकू द्या.

समुद्रात घालायची ती बॉय धरून, पाण्यातच. दहाबच्या ब्लू होलला खडकावरून उतरताना फिन हातात असावी, पायात नाही. ते विवर साधारण १०० मीटर खोल आहे आणि किनाऱ्यापासून चार हातांवरच सुरू होतं, त्यामुळे बॉयपर्यंत फार जावंही लागत नाही. खाली ५५ मीटरच्या आसपास विवरातून खुल्या समुद्रात नेणाऱ्या कमानीच्या गोष्टी तिथे सगळे सांगतात. ऐकून सोडून द्यायच्या. फिन बदलली की वजनाचा पट्टाही नव्याने जुळवा. फिन पाण्यात सोडून बघा तरंगते की बुडते, त्यावर तुमचे पाय वर ओढले जाणार की खाली हे ठरतं. बॉयखाली सोडलेल्या दोरीला अडकवायचा लॅनयार्ड, म्हणजे सुरक्षेचा पट्टा, मनगटाला किंवा कमरेला.

बडीला पाण्यात उतरण्यापूर्वी तुमची फिन पायातून कशी काढायची ते करून दाखवा. सांगू नका, दाखवा, आणि त्याच्याकडून एकदा काढून घ्या. एकट्याने डाइव्ह नाही, पाच मीटरचाही नाही. नताल्या मोल्चानोव्हा २००९ साली शर्म अल शेखला मोनोफिनवर १०१ मीटर गेली, स्वतः पाय मारत १०० मीटर ओलांडणारी पहिली बाई. २०१५ च्या ऑगस्टमध्ये स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटाजवळ कुणाला तरी शिकवत असताना तिने स्वतः एक डाइव्ह केला आणि ती परत वर आली नाही. ५३ वर्षांची होती. मामेभावाला मी बाकी सगळं हसत सांगितलं, हे मात्र सरळ आवाजात सांगितलं.

विकत घेण्यापूर्वी दहाबला भाड्याने किंवा उसनी मिळते का बघ, असंही त्याला म्हटलंय. शिकवणाऱ्यांकडे कोपऱ्यात जुन्या मोनोफिन पडलेल्या असतात, चहा पाजून मागितल्या की घालून बघायला देतात. दोन वेगळ्या मापांच्या, दोन वेगळ्या कडकपणाच्या फिन्सवर एकेक तास काढला की तक्ते वाचून जे कळत नाही ते पायाला कळतं.

काल रात्री त्याने पेपरवर काढलेल्या पावलांचा फोटो पाठवला, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. डावं चार मिलिमीटरने मोठं निघालं. खाली लिहिलंय, वज्रासनात एक मिनिट चाळीस सेकंद, मग पायाला मुंग्या. कार्बनचं नाव त्याने अजून परत काढलेलं नाही.